होबी टँडेम आयलंड : दोन उलांड्यांची छोटी नौका आणि तिला समुद्रायोग्य करण्याची तयारी

होबी कंपनीची ‘मिराज टँडेम आयलंड’ ही नौका बहुतेक दुकानांत कयाकांच्या रांगेत ठेवलेली असते, आणि तिच्याविषयीचे बरेचसे गैरसमज माझ्या मते तेथूनच सुरू होतात. पायाने पेडल मारून चालणारी, दोन माणसांची, वजनाने बेताची अशी एक करमणुकीची होडी आपण घेत आहोत, असे घेणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या हाती येते ती नव्वद चौरस फुटांच्या आसपास शीड असलेली, चांगल्या वाऱ्यात सहज आठ-दहा नॉटांनी (ताशी सागरी मैलांनी) पळणारी ट्रायमारान, म्हणजे मधल्या मुख्य नौकेच्या दोन्ही बाजूंना एकेक उलांडी, म्हणजे आधाराचा लांबट तरंगता भाग, असलेली नौका. कॅलिफोर्निया राज्याने याबाबत अधिक शहाणपण दाखवले आहे. केवळ वल्ह्याने चालणाऱ्या होडीला येथे नोंदणी लागत नाही, परंतु आठ फुटांपेक्षा लांब असलेल्या शिडाच्या नौकेला ती लागते, आणि त्यामुळे टँडेम आयलंडच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक चिकटवावा लागतो. कायदा तिला शिडाची नौका मानतो. मालकानेही तसेच मानून तिची तयारी करावी, एवढेच या परीक्षणात मला सांगायचे आहे.

मी सॅन डिएगोला राहतो आणि ही नौका मी मिशन बे या शांत खाडीत, तिच्या मुखाबाहेर, आणि कधीकधी ला होयाच्या किनाऱ्यालगत वापरतो. या तीन ठिकाणी तिच्याकडून असलेल्या अपेक्षा इतक्या वेगळ्या आहेत, की एकाच नौकेला तीन वेगळे गुण द्यावे लागतील. खाडीत ती दुकानातून आणली तशी उत्तम आहे. खाडीच्या मुखापासून बाहेर मात्र ती तशीच नेऊ नये.

प्रथम तिचे माप. लांबी 5.6 मीटरच्या आसपास, उलांड्या उघडल्यावर रुंदी तीन मीटरांहून किंचित जास्त, दुमडल्यावर सुमारे सव्वा मीटर. सर्व साज चढवल्यावर वजन शंभर किलोंच्या थोडे वर जाते आणि माणसे व सामान मिळून सुमारे 270 किलो भार ती पेलते, असे कंपनी सांगते. सांगाडा, म्हणजे नौकेचे मुख्य अंग, पॉलिथिलीन या प्लास्टिकचा असून तो साच्यात फिरवून घडवलेला आहे. त्यामुळे खडकाला घासली तरी ती फुटत नाही, ओरखडा घेऊन पुढे जाते. फायबरच्या नौकेला जेथे दुरुस्तीचे दुकान गाठावे लागते, तेथे ही नौका वाळूवरून ओढत आणता येते. किनाऱ्यावर उतरणाऱ्यांसाठी हा गुण फार मोठा आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने या रचनेतील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तिचे शीड. ते डोलकाठीभोवती गुंडाळले जाते आणि ते गुंडाळण्यासाठी जागेवरून उठावे लागत नाही. बसल्या ठिकाणी एक दोरी ओढली की शीड हवे तेवढे कमी होते, पूर्ण गुंडाळले तर नौका काही क्षणांत निवांत तरंगू लागते. छोट्या शिडाच्या नौकांवरील बरेच अपघात शीड वेळेवर कमी न केल्यामुळे होतात, आणि वेळेवर कमी न करण्याचे कारण बहुधा आळस नसून भीती असते, कारण उसळत्या पाण्यात उभे राहून पुढे जाणे हेच धोक्याचे वाटते. येथे ते कारणच उरत नाही. शिवाय या शिडाला खालचा आडवा वासा नाही, त्यामुळे वारा मागून असताना शीड अचानक एका बाजूकडून दुसरीकडे गेले तरी डोक्याला मार बसण्याची भीती राहत नाही. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे पेडलची यंत्रणा. होबीने 1997 साली आणलेल्या मिराज ड्राइव्हमध्ये तळाखाली दोन पाती पेंग्विनच्या पंखांसारखी आडवी हलतात. 2017 पासूनच्या नमुन्यात ती उलटी फिरवून नौका मागेही नेता येते. शीड, पेडल आणि वल्हे अशी तीन स्वतंत्र साधने असल्यामुळे वारा पडला किंवा एक साधन मोडले म्हणून माणूस अडकून पडत नाही. मोटार लावण्याची गरज मला आजवर वाटलेली नाही.

तरीही या नौकेची खरी परीक्षा तिच्या स्थिरतेतच आहे. एकसांगाडी शिडाची नौका वाऱ्याने कलू लागली, की ती आधीपासूनच भरपूर कलते आणि बसलेल्याला इशारा देते. तीन मीटर रुंद ट्रायमारान जवळजवळ आडवी राहूनच वेग घेते, आणि त्यामुळे नवख्याला सर्व काही ठीक चालले आहे असे वाटत राहते. इशारा असतो, पण तो वेगळ्या ठिकाणी असतो. वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या उलांडीकडे पाहावे लागते. तिचे नाक पाण्याच्या वर आहे तोवर तिच्यात अजून उचलून धरण्याची ताकद शिल्लक आहे. नाक लाटेत जाऊन लगेच वर येत असेल तर मर्यादा जवळ आली आहे. आणि ती उलांडी नाकापासून शेपटीपर्यंत पाण्याखाली राहू लागली, की तिची ताकद संपलेली असते, कारण पूर्ण बुडालेली वस्तू त्याहून अधिक उचल देऊ शकत नाही. त्यानंतर येणारा पुढचा झोत नौका तिरकी पुढच्या बाजूला पालथी करू शकतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे दहा नॉटांचा वारा चौदा झाला की शिडावरील जोर दुप्पट होतो. कानाला हा फरक फारसा जाणवत नाही. म्हणून मी बारा नॉटांच्या आसपासच शिडाचे दोन फेरे गुंडाळतो, आणि पंधराच्या पुढे निम्म्याहून कमी शीड ठेवतो. वेगात फरक फारसा पडत नाही. उलांडी कोरडी राहिल्याने कधीकधी तो वाढतोच.

आता उलांड्यांच्या जोडणीकडे येऊ, कारण माझ्या मते या नौकेच्या मालकाने सर्वाधिक लक्ष द्यावे अशी हीच जागा आहे. प्रत्येक उलांडी दोन आडव्या दांड्यांनी मुख्य सांगाड्याला जोडलेली असते, आणि दांड्याला तिरका टेकू असतो. त्या टेकूत ठरावीक ताणाला मुद्दाम तुटणारा एक प्लास्टिकचा बोल्ट बसवलेला असतो. कल्पना शहाणपणाची आहे: धक्का किंवा खडक लागला, तर महागडा दांडा वाकण्याआधी स्वस्त बोल्ट तुटावा. परंतु धक्क्याच्या शेजारी आणि किनाऱ्यापासून तीन मैलांवर या दोन ठिकाणी या कल्पनेचे अर्थ वेगळे होतात. वाऱ्याआडच्या उलांडीचा बोल्ट भर वेगात तुटला, तर तिला धरून ठेवणारा आधार जातो, उलांडी आत दुमडू लागते आणि नौका त्या बाजूला कोसळू शकते. यावर माझी तयारी तीन गोष्टींची आहे. पहिली, निघण्यापूर्वी सर्व बोल्ट बोटाने चाचपून पाहणे आणि वापरलेले बोल्ट ऋतूच्या सुरुवातीला बदलणे, कारण प्लास्टिक ऊन आणि वारंवारच्या ताणाने थकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दुसरी, प्रत्येक दांड्याला एक न ताणणारी दोरी राखीव आधार म्हणून बांधणे, जी एरवी किंचित सैल असते आणि बोल्ट तुटल्यावरच ताण घेते. ती इतकी सैल नसावी की उलांडी दुमडायला जागा मिळेल. तिसरी, सुटे बोल्ट आणि ते बसवण्याचे हत्यार मागच्या पेटीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवणे. बोल्ट तुटलाच तर आधी शीड पूर्ण गुंडाळावे, मग वजन दुसऱ्या बाजूला न्यावे, आणि नौका अशी वळवावी की निकामी उलांडी वाऱ्याच्या दिशेच्या बाजूला येईल. तेथे तिच्यावर जवळजवळ भार नसतो आणि नवा बोल्ट बसवायला उसंत मिळते. सुकाणूच्या खिळीचेही असेच आहे. तीही धडक बसली की तुटण्यासाठीच केलेली असते, म्हणून तिच्याही दोन-तीन प्रती सोबत हव्यात.

दुसरी जागा म्हणजे सांगाड्याच्या आत शिरणारे पाणी. कयाकच्या घराण्यातून आल्यामुळे या नौकेच्या पोटात एकमेकांपासून बंद केलेले कप्पे नाहीत. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एकच पोकळी आहे. पुढचे मोठे झाकण लाटांच्या शिंतोड्यांसाठी ठीक आहे, पण नाळ वारंवार लाटेत घुसत असताना त्याने पूर्ण बंद राहावे ही अपेक्षा धरू नये. आत शिरलेले पाणी नुसते वजन वाढवत नाही. नाळ खाली गेली की ते सगळे पुढे धावते आणि नाळ आणखी खाली ओढते. लाटेच्या उतारावरून वेगाने खाली येणाऱ्या नौकेत हे वागणे फार वाईट. यावरचा उपाय स्वस्त आहे. नाळेच्या पोकळीत फोमच्या लांब नळ्या घट्ट भराव्यात, आणि मागच्या बाजूस हवा भरायच्या पिशव्या बांधून ठेवाव्यात. पिशव्या पूर्ण फुगवू नयेत, कारण दुपारच्या उन्हात पॉलिथिलीनच्या पोटातील हवा तापते आणि पिशवीची शिवण उसवते. या भरणीचा हेतू नौका बुडू न देणे एवढाच नाही. सांगाड्यात पाण्याला जितकी जागा कमी, तितके ते धावण्याची शक्यता कमी. याच्या जोडीला पुढच्या झाकणावर आडवा पट्टा अधिक घट्ट बसवणे, झाकणाच्या कडेची रबरी पट्टी दरवर्षी तपासणे, आणि बसल्या जागेवरून आत पोचेल असा हातपंप व एक मोठा स्पंज ठेवणे पुरेसे आहे.

वापरलेली नौका घेणाऱ्याने डोलकाठी ज्या नळीत उभी राहते ती नळी अवश्य तपासावी. ती वरपासून तळापर्यंत जाते, डोलकाठी तिच्यात फिरते, आणि वाळू खाली साचली की प्रत्येक वळणाला तळ घासला जातो. नौका सपाट जमिनीवर ठेवून नळीत काठोकाठ पाणी भरावे आणि तासाभराने पातळी पाहावी. पातळी उतरली असेल तर पाणी सांगाड्यात जात आहे, आणि समुद्रात ते उलट्या बाजूनेही येत राहील. दोन्ही उलांड्या वेगळ्या काढून कानाशी हलवून पाहाव्यात. आत पाणी असेल तर ते ऐकू येते. मागच्या बाजूचे पाणी सोडण्याचे बूच बसवले आहे की नाही हे पाहणे इतके साधे आहे की ते विसरले जाते, म्हणून माझ्या गाडीच्या चावीला त्याचा एक जोड अडकवलेला असतो.

आता नौकेवरून माणूस पाण्यात पडण्याविषयी. मला विचाराल तर या नौकेवरील सर्वांत गंभीर धोका उलटण्याचा नाही, हाच आहे, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला पुरेशी जागा मिळत नाही. शिडाची दोरी खाचेत अडकवून ठेवलेली असेल, सुकाणू सरळ असेल आणि तीन मीटर रुंदीमुळे नौका न कलता उभी असेल, तर चालक पडल्यावर ती थांबत नाही. ती आठ नॉटांनी पुढे निघून जाते आणि पोहणारा माणूस तिला गाठू शकत नाही. सांगाडा आणि उलांडी यांच्यामध्ये ताणलेल्या, वाऱ्याच्या बाजूच्या जाळीवर बसून वजन देण्यात मजा असते, आणि पडण्याचा प्रसंगही तेथेच येतो. म्हणून दोन नियम. जाळीवर बसलेले असताना शिडाची दोरी खाचेत नसावी, हातात असावी. आणि एकट्याने खाडीबाहेर जाताना अंगाला जखडलेली, एका हाताने सोडता येईल अशी दोरी नौकेशी बांधलेली असावी. नौका पालथी झाल्यास ही दोरी अडचणीची ठरू शकते हे खरे, म्हणून सोडण्याची कळ डोळे मिटून सापडली पाहिजे आणि जाकिटावर एक छोटी सुरी हाताशी असली पाहिजे.

याच कारणाने, जी साधने जीव वाचवतात ती नौकेवर ठेवायची नाहीत, अंगावर ठेवायची. नौका निघून गेली की पेटीतला रेडिओही तिच्यासोबत जातो. मी अंगावर बाळगतो त्या वस्तूंपैकी पहिली म्हणजे फोमचे जाकीट. फुगणारी जाकिटे हलकी असतात, पण पाण्याचे शिंतोडे सतत उडणाऱ्या या नौकेवर आपोआप फुगणारा प्रकार नको तेव्हा फुगतो, आणि 16 वर्षांखालील मुलांसाठी तो येथे मान्यही नसतो. उंच पाठीच्या आसनावर बसून पेडल मारायचे असल्याने पाठीकडचा फोम वर चढवलेले कयाकचे जाकीट घ्यावे. साधे जाकीट पाठीमागे आसनाला अडते आणि तासाभराने माणूस ते काढून ठेवतो, हाच त्यातला खरा दोष. कॅलिफोर्नियात कोणत्याही लांबीच्या चालत्या नौकेवर 13 वर्षांखालील मुलांनी जाकीट घातलेले असणे सक्तीचे आहे. मोठ्यांसाठी ते सोबत असणे पुरेसे मानले जाते, पण सोबत असलेले जाकीट पाण्यात घालणे किती अवघड असते हे खाडीत एकदा करून पाहावे.

दुसरी वस्तू म्हणजे तरंगणारा हातातला व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे नौकांवर बोलण्यासाठी वापरतात तो, ज्यात डीएससीची (एका बटणाने संकटसंदेश पाठवण्याची) सोय आणि स्वतःचा जीपीएस असेल. दोनशे-अडीचशे डॉलरमध्ये तो मिळतो. त्याला एमएमएसआय हा ओळख सांगणारा नऊ आकडी क्रमांक नोंदवून दिला, की लाल बटण दाबल्यावर आपले स्थान संदेशासोबत आपोआप जाते. क्रमांक न भरलेला रेडिओ ही सोय फुकट घालवतो, आणि बरेच जण तो भरत नाहीत. पाण्यात डोके टेकलेल्या उंचीवरून हातातल्या रेडिओचा पल्ला फार लांब नसतो, तरी तटरक्षकांचे अँटेना उंचावर असल्याने सॅन डिएगोच्या किनाऱ्यालगत वाहिनी 16 वर आवाज पोचतो. मोबाईल फोन मी नेतो, पण ओल्या बोटांनी तो नीट चालेल याचा भरवसा नसतो, आणि एका कंपनीची जलरोधक म्हणून घेतलेली पिशवी पहिल्याच उन्हाळ्यात कडेने पाणी घेऊ लागली, त्यामुळे फोनवर भिस्त ठेवत नाही.

तिसरी वस्तू पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचे संकटसूचक यंत्र. 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश पाठवणारे हे छोटे यंत्र साडेतीनशे-चारशे डॉलरना पडते, त्याला मासिक शुल्क नसते, आणि एकदा चालू केले की ते निदान 24 तास संदेश पाठवत राहते. अमेरिकेत त्याची नोंदणी नोआ या हवामान व समुद्रविषयक सरकारी संस्थेकडे विनामूल्य करावी लागते आणि दर दोन वर्षांनी ती ताजी करावी लागते. संदेश आल्यावर बचाव केंद्र आधी नोंदवलेल्या नातेवाइकांना दूरध्वनी करते, म्हणून त्या घरच्या माणसाला आपण कोठे गेलो आहोत हे माहीत असणे हाही या यंत्राचाच एक भाग समजावा. फ्लोरिडात दर मार्चमध्ये टॅम्पा बेपासून की लार्गोपर्यंत सुमारे 300 मैलांची एव्हरग्लेड्स चॅलेंज ही स्पर्धा होते, आणि तिच्यात टँडेम आयलंड दिसतात. तेथे आपत्कालीन संदेशयंत्राशिवाय कोणालाही निघू देत नाहीत. नौका तीच, पण तिच्यावरच्या तयारीचा तो दर्जा दुकानात उभ्या असलेल्या नौकेला नसतो.

पाण्याचे तापमान हा आमच्याकडचा फसवा विषय आहे. सॅन डिएगोचे नाव घेतले की ऊन डोळ्यांसमोर येते, पण हिवाळ्यात समुद्र 14-15 अंश सेल्सिअसवर येतो आणि उन्हाळ्यातही तो सहसा 20 ते 22 च्या पुढे जात नाही. इतक्या थंड पाण्यात अचानक पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आवरत नाही, आणि पुढच्या थोड्या वेळात बोटांची पकड जाते, म्हणजे ज्या बोटांनी दोरी ओढून नौकेवर चढायचे तीच निकामी होतात. म्हणून हवेला अनुसरून कपडे न घालता पाण्याला अनुसरून घालावेत. नोव्हेंबर ते मे मी तीन मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे अंगासरशी बसणारा रबरी पोशाख, घालतो. पेडल मारताना घाम येतो, तो सोसावा.

उलटण्याविषयी थोडे. ही नौका क्वचितच उलटते, पण उलटली की पालथीही तितकीच स्थिर राहते, कारण तीन मीटरची रुंदी दोन्ही बाजूंनी सारखेच काम करते. ताठ शीड पाण्यात पसरलेले असताना ती उलथवणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून आधी शीड गुंडाळावे लागते. मग एका बाजूची उलांडी दुमडायची, म्हणजे तो रुंद पाया मोडतो, आणि आधीच बांधून ठेवलेल्या लांब दोरीला लटकून सांगाडा फिरवायचा. हा क्रम कागदावर वाचून जमत नाही. उन्हाळ्यात, खाडीत, छातीभर पाण्यात, शेजारी दुसरी नौका ठेवून तो करून पाहिल्याखेरीज ही नौका बाहेर नेऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन. पेडलची यंत्रणा, वल्हे, पाण्याची बाटली, सर्व काही दोरीने बांधलेले असावे. जे बांधलेले नाही ते त्या दिवशी गेले असे समजावे. आणि धक्क्याला लागताना जागा वाचवण्यासाठी उलांड्या दुमडायच्या असतील, तर त्या शीड पूर्ण गुंडाळल्यानंतरच, बसूनच दुमडाव्यात.

ला होया आणि पॉइंट लोमा यांच्या बाहेर केल्प या विशाल समुद्रशैवालाची रानेच्या राने आहेत. पेडलची पाती, मधली फळी (नौका आडवी सरकू नये म्हणून तळाखाली सोडलेली) आणि सुकाणू या तिन्ही ठिकाणी त्याच्या दोऱ्या गुंततात. फळी वर घ्यावी, सुकाणू अर्धे उचलावे आणि पाती तळाशी सपाट धरून शिडावरच पार व्हावे. पाती गुंतलीच तर यंत्रणा वर उचलून काढता येते. तिच्या कोनाड्याच्या भिंती पाण्याच्या पातळीहून उंच असल्याने पाणी आत येत नाही, हा या रचनेचा मला फार आवडलेला भाग आहे. नांगर छोटा चालतो, पण त्याला दोन मीटर साखळी आणि खोलीच्या पाचपट तरी दोर हवा, आणि तो दोर नाळेवरूनच सुटला पाहिजे. बाजूला बांधलेला नांगर उलांडी खाली ओढतो.

कायद्याच्या बाबी लवकर उरकतात. शिट्टी हवी. 16 फुटांच्या वरच्या नौकेला फेकण्याजोगे तरंगणारे साधन हवे. मी चौकोनी उशी नेतो आणि तिच्यावर बसतो. इंजिन नसलेल्या, 26 फुटांखालील उघड्या शिडाच्या नौकेला दिवसाच्या संकटसंकेतांतून सूट आहे, रात्रीच्या नाही. संकटात पेटवायची हातातली दिवटी बनवल्या तारखेपासून 42 महिन्यांनी बाद होते, तेव्हा मान्यताप्राप्त विजेचा दिवा एकदाच घेणे परवडते. सात मीटरांखालच्या शिडाच्या नौकेला वेळेवर दाखवता येईल असा पांढरा प्रकाश पुरतो, तरी मी पाठीमागे उंच दांड्यावर दिवा लावतो, कारण पॉलिथिलीनची ही नौका रडारवर जवळजवळ दिसत नाही. सॅन डिएगो बेमध्ये नौदलाच्या जहाजाच्या 500 यार्डांच्या आत वेग कमीत कमी ठेवावा लागतो आणि 100 यार्डांच्या आत जाताच येत नाही. पाठीमागून वारा असलेल्या शिडाच्या नौकेला हे आयत्या वेळी जमत नाही, म्हणून वळण खूप आधी घ्यावे.

हवामानाबद्दल येथे एकच वारा वेगळा सांगण्याजोगा आहे. रोजचा दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो आणि काही बिघडले तर किनाऱ्याकडेच लोटतो. शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत वाळवंटाकडून येणारा सांता आना मात्र उलटा वाहतो. सकाळी किनाऱ्यालगत पाणी काचेसारखे दिसते, कारण लाटा उठायला अंतरच मिळालेले नसते, आणि मैलभर समुद्रात गेल्यावर नौका किनाऱ्यापासून दूर ढकलली जाऊ लागते. त्या दिवशी मी खाडी सोडत नाही. हिवाळ्यात पश्चिमेची मोठी लाट आली की मिशन बेच्या मुखातही ती फुटते, तेव्हा जाण्यापूर्वी बांधावर उभे राहून निदान पंधरा मिनिटे मुख पाहावे. लाटांचे मोठे गट काही मिनिटांच्या अंतराने येतात.

गावाकडचे लोक विचारतात, ही नौका कोकणात चालेल का. मालवण-देवगडकडच्या होड्यांना पिढ्यान्‌पिढ्या एका बाजूला उलांडी असते, तेव्हा तिचे तत्त्व तेथे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही, आणि ऑक्टोबर ते मे या काळात कोमट पाणी, वाळूचे किनारे व दुपारचा भरवशाचा वारा तिला छान मानवेल. अडचण सुट्या भागांची आहे. ठरवून तुटणारे बोल्ट, सुकाणूच्या खिळ्या, पात्यांच्या तारा हे सर्व परदेशातून मागवावे लागेल, आणि या नौकेची सारी सुरक्षितता त्या स्वस्त भागांच्या भरपूर साठ्यावर उभी आहे. तेथे न्यायची झाल्यास नौकेसोबतच निदान तीन वर्षांचे भाग न्यावेत. मासेमारीच्या जाळ्यांच्या रेषा स्थानिकांना विचारूनच ठरवाव्यात.

वापरलेली टँडेम आयलंड घेणे मी नवीपेक्षा पसंत करीन, कारण सांगाडा सहसा बिघडत नाही आणि वाचलेल्या पैशांत जाकीट, रेडिओ, पीएलबी, वेटसूट आणि पिशव्या असा सर्व साज येतो. पाहताना नळी, आडव्या दांड्यांचे वाक, पेडलच्या साखळ्यांचा ताण, शिडाची उन्हाने विरलेली कड आणि सांगाड्याचा तळ पाहावा. तळाला खळगे दिसले तर नौका उन्हात चुकीच्या आधारावर ठेवलेली होती. असे खळगे पुन्हा उन्हात तापवून बरेचसे भरून येतात, पण त्यावरून आधीच्या मालकाची निगा कळते आणि भाव करायला आधार मिळतो. गोड्या पाण्याने धुणे, शीड कोरडे करूनच गुंडाळणे आणि ट्रेलरवर पट्टे आवळताना उन्हाळ्यात एक खाच सैल ठेवणे, एवढी वर्षभराची निगा तिला पुरते.